कर्करोग ऑक्सिजनच्या कमतरतेमुळे होतो का? वडिलांच्या उपचारांच्या निमित्ताने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर

आपल्या वडिलांना स्वरयंत्राचा कर्करोग असल्याचे निदान झाले आहे आणि पुढच्या आठवड्यात त्यांची रेडिओथेरपी सुरू होणार आहे. ते बऱ्याच काळापासून घोरतात, झोपेत मध्येच त्यांचा श्वास अडकतो, हिमोग्लोबिन ९.८ आहे आणि सिगारेट अजून पूर्णपणे सुटलेली नाही. अशातच ‘शरीराला ऑक्सिजन कमी पडणे हेच कर्करोगाचे मूळ कारण आहे आणि हे सिद्ध केल्याबद्दल ऑटो वॉरबर्ग यांना नोबेल पारितोषिक मिळाले’ असा मजकूर आपल्या वाचनात आला. आपण विचारले आहे, की घोरण्याकडे आपण लक्ष दिले नाही म्हणून हा आजार झाला का. आणि आता घरी ऑक्सिजनचे मशीन आणणे, हायपरबेरिक चेंबरची (वाढवलेल्या दाबाखाली ऑक्सिजन देणाऱ्या बंद कक्षाची) सत्रे घेणे किंवा ऑक्सिजनयुक्त पाणी देणे यांनी काही फरक पडेल का.

मी रेडिओथेरपीचा डॉक्टर आहे आणि डोके व मान या भागातील कर्करोगाचे रुग्ण रोज पाहतो. ऑक्सिजन हा आमच्या कामातला अगदी जुना आणि जिव्हाळ्याचा विषय आहे, त्यामुळे ‘हे सगळे खोटे आहे’ असे एका वाक्यात सांगून मला मोकळे होता येणार नाही. आपण वाचलेल्या मजकुरात खरी निरीक्षणे आहेत, पण त्यांची सांगड चुकीची घातलेली आहे. कर्करोग सुरू कशाने होतो, सुरू झाल्यावर तो आक्रमक कशाने होतो आणि उपचारांना दाद का देत नाही, हे तीन वेगळे प्रश्न आहेत आणि ऑक्सिजनच्या कमतरतेचे वजन या तिन्हींत सारखे नाही. पहिल्या प्रश्नात ते थोडे आहे, दुसऱ्यात बरेच आहे आणि तिसऱ्यात, निदान रेडिओथेरपीपुरते तरी, फारच मोठे आहे.

आधी वॉरबर्ग यांच्याविषयी. १९२० च्या दशकात या जर्मन शास्त्रज्ञाने दाखवून दिले, की कर्करोगाच्या गाठीतल्या पेशी भोवती पुरेसा ऑक्सिजन असतानाही भरपूर ग्लुकोज घेतात आणि त्याचे लॅक्टिक आम्लात रूपांतर करतात. निरोगी पेशी हा मार्ग मुख्यत्वे ऑक्सिजन अपुरा असतानाच वापरतात. हे निरीक्षण पक्के आहे. आपल्या वडिलांचा पेट स्कॅन झाला असेल तर त्यात गाठ उजळून दिसण्यामागे पेशींची हीच ग्लुकोजची हाव असते. १९३१ चे नोबेल त्यांना मिळाले ते मात्र पेशींच्या श्वसनातील एका विकराचे (एन्झाइमचे) स्वरूप आणि कार्य उलगडल्याबद्दल; कर्करोगाचे कारण शोधल्याबद्दल नव्हे. पेशीची श्वसनक्रिया बिघडते आणि त्यातून कर्करोग जन्माला येतो, हे मत त्यांनी पुढे आग्रहाने मांडले, पण नंतरच्या संशोधनाने ते त्या रूपात टिकले नाही. बहुतेक कर्कपेशींमधील मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे ऑक्सिजन वापरून ऊर्जा तयार करणारे पेशीचे भाग, चांगल्या चालू असतात आणि ग्लुकोजची हाव वाढते ती पेशीच्या वाढीची सूत्रे हाती असलेली जनुके बिघडल्यामुळे, असे आज आपल्याला दिसते. शिवाय वॉरबर्ग यांचे निरीक्षण ‘ऑक्सिजन असतानाही’ पेशी असे का वागतात याविषयी होते. ‘ऑक्सिजन नसल्यामुळे कर्करोग होतो’ या विधानाला त्याचा आधार घेणे म्हणजे त्यातला मुख्य शब्दच गाळणे होय.

आता पहिला प्रश्न, म्हणजे सुरुवातीचा. शरीराला ऑक्सिजन कमी पडल्यानेच कर्करोग होत असता, तर तो सर्वांत कमी ऑक्सिजन मिळणाऱ्या अवयवांत सर्वांत जास्त दिसायला हवा होता. डोळ्यातल्या नैसर्गिक भिंगाला स्वतःची रक्तवाहिनीच नसते आणि तेथील ऑक्सिजनची पातळी अत्यंत कमी असते, तरीही भिंगाचा कर्करोग माणसात जवळजवळ ऐकिवात नाही. सांध्यांतल्या कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात आणि तिचा कर्करोग विरळाच असतो. याउलट फुप्फुसाइतकी ऑक्सिजनची रेलचेल दुसऱ्या कोणत्या अवयवात असेल? आणि फुप्फुसाचा कर्करोग तर जगात सर्वाधिक आढळणाऱ्या कर्करोगांपैकी एक आहे. मातेच्या पोटातला गर्भ प्रौढ शरीराच्या मानाने कितीतरी कमी ऑक्सिजनवर वाढतो आणि अस्थिमज्जेतील मूळपेशी कमी ऑक्सिजनच्या कोपऱ्यातच सुखरूप राहतात. कमी ऑक्सिजनमध्ये जगण्याची सोय शरीराने करून ठेवलेली आहे. ती अवस्था म्हणजे आपोआप रोग नव्हे.

याला अपवाद आहेत आणि ते सांगितले नाहीत तर हे उत्तर अपुरे राहील. मानेत, मुख्य धमनी जिथे दुभागते तिथे, रक्तातील ऑक्सिजन मोजणारी तांदळाच्या दाण्याएवढी एक ग्रंथी असते. अतिशय उंचावरच्या प्रदेशात पिढ्यानपिढ्या राहणाऱ्या लोकांमध्ये या ग्रंथीच्या गाठी जास्त प्रमाणात आढळतात, आणि जन्मजात हृदयदोषामुळे ज्यांच्या रक्तात वर्षानुवर्षे ऑक्सिजन कमी असतो अशा रुग्णांमध्येही या जातीच्या गाठींचे प्रमाण अधिक दिसते. येथे दीर्घकाळची ऑक्सिजनटंचाई आणि गाठ यांचा थेट संबंध मानायला सबळ कारण आहे. पण ही ग्रंथी ऑक्सिजन कमी झाल्यावर काम वाढवण्यासाठीच घडलेली आहे, त्या गाठी दुर्मीळ असतात आणि त्यांतल्या बहुतांश सौम्य असतात. त्यावरून घशाच्या, स्तनाच्या किंवा आतड्याच्या कर्करोगाविषयी निष्कर्ष काढता येत नाही.

दुसरा अपवाद अधिक बोलका आहे, पण तो समजण्यासाठी पेशीला ऑक्सिजन कमी पडल्याचे कळते कसे, हे पाहावे लागेल. आपल्या पेशींत एचआयएफ नावाचे एक प्रथिन सतत तयार होत असते आणि ऑक्सिजन पुरेसा असेल तर काही मिनिटांतच ते नष्टही केले जाते. ऑक्सिजन वापरणारी काही विकरे त्याच्यावर एक रासायनिक खूण करतात, व्हीएचएल नावाचे दुसरे प्रथिन ती खूण ओळखते आणि एचआयएफची रवानगी पेशीच्या मोडतोड यंत्रणेकडे होते. ऑक्सिजन कमी झाला की खूण होत नाही, एचआयएफ साठत जाते, पेशीच्या केंद्रकात शिरते आणि शेकडो जनुके चालू करते: नव्या रक्तवाहिन्या बोलावणारी, ग्लुकोज आत ओढणारी, आम्ल बाहेर टाकणारी, रक्तातील लाल पेशी वाढवायला सांगणारी. ग्रेग सेमेन्झा, पीटर रॅटक्लिफ आणि विल्यम केलिन यांना २०१९ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल या यंत्रणेच्या उलगड्यासाठी मिळाले. ऑक्सिजन आणि कर्करोग यांच्या नात्याबद्दल नोबेलचा दाखला द्यायचाच असेल, तर तो या कामाचा द्यावा.

काही कुटुंबांमध्ये व्हीएचएल हे जनुकच सदोष असते. अशा व्यक्तीच्या मूत्रपिंडातल्या एखाद्या पेशीत त्या जनुकाची उरलेली चांगली प्रतही बिघडली, तर ऑक्सिजन भरपूर असूनही एचआयएफ नष्ट होत नाही. पेशीला कायम ऑक्सिजन कमी असल्याचाच भास होत राहतो आणि त्यातून मूत्रपिंडाचा विशिष्ट प्रकारचा कर्करोग होऊ शकतो. एचआयएफच्या एका प्रकाराला अडवणारे बेल्झुटिफान हे औषध या आजारासाठी अमेरिकेत २०२१ मध्ये मंजूर झाले. म्हणजे ऑक्सिजनटंचाईचा ‘संदेश’ कर्करोगाच्या मुळाशी असू शकतो, हे खरे आहे. पण तिथे बिघाड संदेशात असतो, हवेत किंवा श्वासात नसतो, आणि अशा रुग्णाला कितीही ऑक्सिजन दिला तरी तो संदेश थांबत नाही.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे येतो, कारण खरा विषय इथे आहे. शिकत असताना आमच्या विकृतिशास्त्राच्या शिक्षकांनी एक काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून मला फक्त ‘पाहा’ एवढेच सांगितले होते. मधोमध एक बारीक रक्तवाहिनी होती, तिच्याभोवती गडद जांभळ्या केंद्रकांच्या, दाटीवाटीने बसलेल्या जिवंत कर्कपेशींचे कडे होते, आणि त्या कड्याच्या पलीकडे एकदम फिकट गुलाबी, आकार हरवलेला, मेलेला भाग सुरू होत होता. त्या जिवंत कड्याची जाडी सगळीकडे जवळपास सारखीच भरत होती. १९५५ मध्ये टॉमलिन्सन आणि ग्रे या दोघांनी फुप्फुसाच्या कर्करोगाच्या काचपट्ट्यांवर हेच मोजले आणि हिशेब मांडला, की रक्तवाहिनीतून निघालेला ऑक्सिजन पेशी वाटेत वापरत जातात, त्यामुळे तो सुमारे १५० मायक्रॉनच्या पलीकडे पोहोचतच नाही. हे अंतर म्हणजे डोक्याच्या दोन केसांची जाडी. त्या कड्याच्या अगदी बाहेरच्या काठावर, मेलेल्या भागाला लागून, काही पेशी उपाशी पण जिवंत असतात. आमची सगळी चिंता त्या पेशींची असते.

गाठीत ऑक्सिजन कमी असतो तो अशा स्थानिक कारणांमुळे. गाठ वेगाने वाढते, रक्तवाहिन्या त्या वेगाने वाढत नाहीत, आणि ज्या घाईघाईने तयार होतात त्या वेड्यावाकड्या, गळक्या आणि मध्येच बंद पडणाऱ्या असतात. काही पेशींचा पुरवठा तर काही मिनिटे वा तास तुटतो आणि पुन्हा सुरू होतो. धमनीतील रक्तात ऑक्सिजनचा दाब साधारण ९५ ते १०० मिलिमीटर पारा असतो आणि निरोगी ऊतींमध्ये तो बहुधा २० ते ६० च्या दरम्यान असतो. अनेक गाठींमध्ये सुईसारखा इलेक्ट्रोड घालून मोजल्यावर तो १० च्या खाली आढळला, आणि काही ठिकाणी तर जवळपास शून्य. ही माणसे त्या वेळी व्यवस्थित श्वास घेत होती. बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरवर आपल्या वडिलांचे ९७ टक्के येत असतील आणि तरीही त्यांच्या गाठीचा गाभा ऑक्सिजनविना असू शकतो, कारण तो आकडा बोटातल्या धमनीच्या रक्ताचा आहे. अडचण टाकीत नाही, शेवटच्या नळात आहे.

ही टंचाई गाठीला मारून टाकत नाही का, असे कोणालाही वाटेल. बऱ्याच पेशी मरतातही, पण ज्या तगतात त्या निवडून आलेल्या असतात. पी५३ नावाचे जनुक बिघडलेल्या पेशीला प्रसंगी मरून जा असे सांगते. १९९६ मध्ये प्रयोगशाळेत असे दाखवले गेले, की कमी ऑक्सिजनमध्ये पी५३ शाबूत असलेल्या पेशी मरतात आणि ते बिघडलेल्या पेशी मागे राहून संख्येने वाढतात. त्यातच, ऑक्सिजन कमी असताना डीएनएची दुरुस्ती करणाऱ्या काही यंत्रणा मंदावतात, त्यामुळे नवे बिघाड साचत जातात. एचआयएफने चालू केलेल्या जनुकांमुळे पेशींची जागा सोडून शेजारच्या ऊतीत घुसण्याची क्षमता वाढते, आणि आम्ल साठल्याने प्रतिकारशक्तीच्या पेशी तिथे निष्प्रभ होतात. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात तर असे दिसले, की गाठीतला ऑक्सिजनचा दाब १० मिलिमीटरपेक्षा कमी असलेल्या स्त्रियांमध्ये, केवळ शस्त्रक्रियेने उपचार झाले असले तरी, आजार उलटण्याचे प्रमाण जास्त होते. म्हणजे दोष केवळ रेडिओथेरपीचा परिणाम कमी झाल्याचा नव्हता, आजाराचा स्वभावच अधिक आक्रमक होता.

येथे क्रम कधीकधी गुंतागुंतीचा होतो, तेवढे नमूद करतो. स्तनाच्या दूधनलिकेत अडकून असलेला, अजून बाहेर न पसरलेला प्राथमिक कर्करोग पाहिला तर नलिकेच्या आत रक्तवाहिनी नसल्याने मधल्या पेशी इतक्या लवकरच्या टप्प्यावरही ऑक्सिजनविना मरताना दिसतात. म्हणून टंचाई फक्त मोठ्या, जुन्या गाठीतच येते असे नाही. ती कर्करोगाला घुसखोर बनवण्यातही हातभार लावत असावी. तरीही आधी पेशी बिघडली आहे, मग ती वाढली आहे आणि त्या वाढीने टंचाई निर्माण केली आहे. आपल्या वडिलांच्या बाबतीत ती पहिली पेशी कशाने बिघडली असावी याचे उत्तर, आपण दिलेल्या माहितीवरून, बहुधा तंबाखूचा धूर हेच आहे. स्वरयंत्राच्या कर्करोगाचे ते सर्वांत मोठे ज्ञात कारण आहे, आणि मद्याची जोड असेल तर धोका आणखी वाढतो.

मग घोरण्याचे काय? झोपेत वारंवार श्वास अडकण्याने ऑक्सिजन खाली-वर होतो, आणि उंदरांवरच्या प्रयोगांत अशा हेलकाव्यांनी त्वचेच्या एका कर्करोगाची वाढ वेगाने झालेली दिसली आहे. माणसांवरच्या पाहण्यांचे निष्कर्ष मात्र एकमेकांशी जुळत नाहीत. काहींत संबंध दिसतो, काहींत दिसत नाही, आणि लठ्ठपणा, वय व धूम्रपान ही कारणे दोन्ही आजारांत समाईक असल्याने त्यांचा प्रभाव वेगळा काढणे कठीण जाते. झोपेतल्या श्वासरोधावर उपचार केल्याने कर्करोग टळतो, असे सिद्ध झालेले नाही. म्हणून ‘मी लक्ष दिले नाही म्हणून हे झाले’ हा जो बोल आपण स्वतःला लावून घेतला आहे, त्याला माझ्या माहितीतल्या शास्त्राचा आधार नाही. श्वासरोधावर उपचार अवश्य करावेत, पण ते हृदय, रक्तदाब आणि शांत झोप यांच्यासाठी.

तिसरा प्रश्न उपचारांचा. किरणे पेशीतील पाण्यातून आणि डीएनएतून जाताना अतिशय क्रियाशील कण निर्माण करतात आणि त्यांच्यामुळे डीएनएला इजा होते. त्या क्षणी तिथे ऑक्सिजन असेल तर तो त्या इजेला चिकटतो आणि ती पक्की होते. नसेल तर पेशीतलीच काही रसायने ती इजा भरून काढतात. ऑक्सिजनविना असलेल्या पेशी तितक्याच संख्येने मारायला अडीच ते तीन पट मात्रा लागते, हे रेडिओथेरपीतील सर्वांत भक्कम निष्कर्षांपैकी एक आहे. यात वेळेला फार महत्त्व आहे. ऑक्सिजन किरणे पडताना, किंवा त्यानंतरच्या हजारांश सेकंदात, त्याच पेशीत हजर असावा लागतो. रात्री घरी नाकाला नळी लावून घेतलेला ऑक्सिजन दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजता दिलेल्या किरणांच्या कामी येत नाही.

आणि नळी लावल्याने गाठीत पोहोचणारा ऑक्सिजन वाढतो तरी किती? रक्तातला जवळजवळ सगळा ऑक्सिजन हिमोग्लोबिनला बांधलेला असतो. हिमोग्लोबिन पुरेसे असेल तर दर १०० मिलिलिटर रक्तात असा सुमारे २० मिलिलिटर ऑक्सिजन असतो, आणि रक्तद्रवात नुसता विरघळलेला असतो तो अवघा ०.३ मिलिलिटर. वडिलांचे ऑक्सिमीटरवरचे प्रमाण ९७ असेल तर हिमोग्लोबिनची वाहने आधीच भरलेली आहेत. मशीन लावून फार तर विरघळलेला भाग थोडा वाढेल. त्यांची पातळी मुळात कमी असेल, तर ती का कमी आहे हे डॉक्टरांनी शोधावे आणि लागेल तेवढाच ऑक्सिजन लिहून द्यावा. दीर्घकाळ धूम्रपान केलेल्या काही रुग्णांत नको तितका ऑक्सिजन दिल्याने रक्तात कार्बन डायऑक्साइड साठू शकतो. शिवाय ऑक्सिजन चालू असताना जवळ पेटलेली सिगारेट म्हणजे चेहऱ्याला आणि अंथरुणाला आग लागण्याचा खराखुरा धोका. ज्या घरात सिगारेट सुटलेली नाही, तिथे अत्यावश्यक गरजेशिवाय हे मशीन मी येऊ देणार नाही.

ऑक्सिजनयुक्त पाण्याचा हिशेब सोपा आहे. शुद्ध ऑक्सिजनने पूर्ण भारलेल्या एक लिटर पाण्यात, सामान्य दाबाला, सुमारे ३० मिलिलिटर ऑक्सिजन मावतो. आपल्या साध्या एका श्वासातल्या अर्ध्या लिटर हवेत तो १०० मिलिलिटर असतो, आणि आतडे हा काही श्वास घेण्याचा अवयव नव्हे. ते पाणी बहुधा अपाय करणार नाही, पण त्याच नावाखाली कोणी हायड्रोजन पेरॉक्साइडचे थेंब पाण्यातून घ्यायला सांगितले, तर ते मात्र कदापि देऊ नका. त्याने आतड्याला भाजते आणि रक्तात वायूचे बुडबुडे शिरून प्राणावर बेतू शकते.

हायपरबेरिक चेंबरची गोष्ट निराळी आहे, कारण तिथे दाबाखाली विरघळलेला ऑक्सिजन खरोखरच वाढतो. १९५० च्या दशकापासून रुग्णाला अशा चेंबरमध्ये ठेवून, त्या चेंबरमध्येच असताना किरणे देण्याचे प्रयोग झाले, आणि डोके-मानेच्या काही कर्करोगांत गाठ आटोक्यात राहण्याचे प्रमाण वाढलेलेही दिसले. परंतु त्यांतल्या अनेक प्रयोगांत दर वेळची किरणमात्रा आजच्यापेक्षा बरीच मोठी होती, दुष्परिणाम अधिक होते आणि ती व्यवस्था रोजच्या वापरात आणणे अवघड होते, म्हणून ती पद्धत मागे पडली. आज ज्या सत्रांची जाहिरात होते ती रेडिओथेरपीपासून वेगळी, वेगळ्या जागी आणि वेगळ्या वेळी दिली जातात. किरणोपचारानंतर काही वर्षांनी जबड्याचे हाड किंवा इतर ऊती खराब झाल्यास निवडक रुग्णांत या चेंबरचा विचार होतो. पण त्याने कर्करोग बरा होतो याला पुरावा नाही.

माझ्या एका रुग्णाची हकिगत सांगतो. रेडिओथेरपीच्या तिसऱ्या आठवड्यात तोंड आले, गिळणे अवघड झाले, आणि कोणीतरी सुचवले म्हणून ते गृहस्थ दहा दिवस उपचार थांबवून अशा सत्रांना जाऊन आले. परत आले तेव्हा त्यांना बरे वाटत होते, पण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून उरलेल्या कर्कपेशी अधिक वेगाने वाढू लागतात आणि नेमका तोच काळ आम्ही गमावला होता. त्यांची गाठ वर्षभरात उलटली. ती त्या खंडामुळेच उलटली असे एका रुग्णावरून म्हणता येत नाही, पण मधले खंड आजार आटोक्यात येण्याची शक्यता कमी करतात हे अनेक रुग्णांच्या नोंदींवरून पक्के झालेले आहे. त्या दिवसांत मी त्यांना पुरेसे समजावले असते तर, हा विचार माझ्या मनातून जात नाही, आणि म्हणूनच आपल्याला इतके लांबलचक लिहीत आहे.

कारण रोजची मात्रा रोज घेणे हाच गाठीत ऑक्सिजन पोहोचवण्याचा आम्हाला माहीत असलेला सर्वांत भरवशाचा मार्ग आहे. पहिल्या काही मात्रांनी रक्तवाहिनीजवळच्या, ऑक्सिजन मिळणाऱ्या पेशी मरतात. त्या मेल्या की वाटेत ऑक्सिजन वापरणारे कमी होतात, गाठ आकसते, आणि काठावरच्या उपाशी पेशींपर्यंत ऑक्सिजन जाऊ लागतो. मग पुढची मात्रा त्यांनाही लागू पडते. सात आठवड्यांत ३५ मात्रा असे वेळापत्रक आम्ही देतो, त्यामागे निरोगी ऊतींना सावरायला वेळ देणे हे एक कारण आहे आणि हे दुसरे. डेन्मार्कमध्ये घसा व स्वरयंत्राच्या काही कर्करोगांत किरणांच्या आधी निमोराझोल नावाची गोळी देतात, जी त्या उपाशी पेशींत ऑक्सिजनसारखे काम करते. तिचा वापर सर्वत्र रूढ झालेला नाही, आणि वडिलांच्या डॉक्टरांनी ती दिली नाही तर त्यात काही चुकले असे समजू नये.

हिमोग्लोबिनचा प्रश्न रास्त आहे. ते कमी असलेल्या रुग्णांत रेडिओथेरपीचे परिणाम सरासरीने कमी चांगले दिसतात, पण ते वाढवले की परिणाम सुधारतात असा सरळ हिशेब निघत नाही. रक्त देऊन पाहिलेल्या चाचणीत अपेक्षित फायदा दिसला नाही. लाल पेशी वाढवणाऱ्या एरिथ्रोपोएटिनच्या इंजेक्शनांनी तर, २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डोके-मानेच्या कर्करोगाच्या चाचणीत, आजार आटोक्यात राहण्याचे प्रमाण घटलेले आढळले. म्हणून ९.८ या आकड्याचे कारण शोधावे: लोह कमी आहे का, कुठून रक्त जाते आहे का, अन्न पोटात जाते आहे का. रक्त द्यायचे की नाही हे त्यांच्या लक्षणांवर, हृदयाच्या स्थितीवर आणि सोबत केमोथेरपी आहे की नाही यावर ठरेल, आणि केंद्रागणिक पद्धतही थोडी वेगळी असते. एरिथ्रोपोएटिनचे इंजेक्शन मात्र कोणाच्या सांगण्यावरून परस्पर घेऊ नये.

ऑक्सिजनच्या बाजूने आपल्या हातात असलेली सर्वांत मोठी गोष्ट सिगारेट ही आहे. धुरातला कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो. ती वाहने अडवतो आणि उरलेल्या हिमोग्लोबिनला ऊतींमध्ये ऑक्सिजन सोडणेही अवघड करतो. साधा ऑक्सिमीटर हे ओळखत नाही, तो ९७ च दाखवतो. रेडिओथेरपी चालू असतानाही धूम्रपान करणाऱ्या डोके-मानेच्या रुग्णांत उपचारांना मिळणारा प्रतिसाद आणि जगण्याचे प्रमाण दोन्ही कमी असल्याचे दिसले आहे. किरणे घेण्याच्या दिवशी सकाळी ओढलेली सिगारेट नेमक्या त्या तासाला ऑक्सिजन कमी करते. मशीनसाठी जी धडपड आपण करत आहात ती सगळी इथे लावा. निकोटिनचे पट्टे किंवा औषधे हवी असतील तर ती डॉक्टरांकडून आजच लिहून घ्या, सिगारेट सोडायला किरणांच्या पहिल्या मात्रेची वाट पाहू नका.

शेवटी एक गोष्ट, जी आपण विचारलेली नाही. घोरणे बऱ्याच काळापासूनचे आहे असे आपण लिहिले आहे, पण गेल्या काही महिन्यांत त्याचा आवाज बदलला आहे का, याचा नीट विचार करा. स्वरयंत्रातली गाठच श्वासाची वाट अरुंद करत असू शकते. रात्री ते झोपले असताना काही मिनिटे शेजारी बसून ऐका आणि मग दिवसा ते जागे, शांत बसलेले असतानाही ऐका. जागेपणी श्वास आत घेताना शिट्टीसारखा किंवा करकरीत आवाज येत असेल, जिना चढताना धाप लागत असेल किंवा उताणे झोपवत नसेल, तर पुढच्या आठवड्याची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालयात न्या, कारण रेडिओथेरपीच्या सुरुवातीला सूज येऊन ती वाट आणखी आवळली जाऊ शकते आणि कधीकधी आधी श्वासमार्ग सुरक्षित करावा लागतो. तसा आवाज नसेल, तरी झोपेत श्वास अडकतो हे किरणांसाठी चेहऱ्याचा मास्क बनवण्याच्या वेळीच तंत्रज्ञांना आणि डॉक्टरांना सांगा, कारण तो मास्क लावून त्यांना रोज काही मिनिटे उताणे, न हलता पडून राहायचे आहे.